उभ्या ड्रिल मशीनखालचा भुसा आणि लोखंडी कीस आवरावा कसा?

दारव्हा_अवजारे (प्रश्न)

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात एका गावी माझे लहानसे वर्कशॉप आहे. पेरणीच्या तोंडावर वखराच्या पासा, डवरे आणि तिफणी यांची दुरुस्ती चालते, आणि दिवाळीनंतर लग्नसराई संपेपर्यंत सागवानी दारे, चौकटी व दिवाण यांचे काम असते. ही दोन्ही कामे एकाच उभ्या ड्रिल मशीनवर होतात. मशीन साधेच आहे: टेबलावर बसवायचे, 13 मिमीच्या चकचे (चक म्हणजे बिट, म्हणजे भोक पाडणारी सळी, पकडणारा जबडा), अर्ध्या अश्वशक्तीच्या सिंगल फेज मोटारीचे आणि पट्टा सरकवून पाच वेग देणारे.

भोक पाडण्यात अडचण नाही, पाडून झाल्यावर जे उरते त्याची अडचण आहे. लाकडाला भोके पाडताना भुसा टेबलावर आणि मागच्या आधारपट्टीच्या बुडाशी साचतो, मग पुढचा नग पट्टीला नीट टेकत नाही आणि भोकांची रांग दीड-दोन मिलिमीटरने वाकडी जाते. लोखंडाला भोक पाडताना लांबच लांब तारा निघून बिटाबरोबर गरगर फिरतात, तर बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, नगातून काळी भुकटी पडते आणि ती मशीनच्या खांबावरील ग्रीसमध्ये बसून टेबल वरखाली करणे जड जाते. यंदा तयार दाराच्या उभ्या पट्ट्यांवर पॉलिश करण्याआधीच काळे ठिपके उमटू लागले. हाताखालच्या मुलाच्या मनगटांना सागाच्या कामाच्या दिवसांत खाज सुटते, आणि संध्याकाळी नाक शिंकरले की तपकिरी निघते, असे तो सांगतो.

सध्या टायरमध्ये हवा भरायच्या कॉम्प्रेसरने टेबल उडवून साफ केले जाते. मोठी धूळशोषक यंत्रणा घेण्याइतके काम नाही, आणि शेडला दार एकच आहे. मागची भिंत गोठ्याला लागून आहे. घरगुती पद्धतीने, थोड्या खर्चात काय करता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त_निदेशक_वर्धा

भाऊ, आपण प्रश्न नेमका मांडला आहे. आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना शिकवताना मी ड्रिलची सुरुवात नेहमी सफाईपासूनच करीत असे, कारण ती शेवटी शिकवली तर कोणी शिकत नाही.

सर्वांत आधी कॉम्प्रेसर बाजूला ठेवावा. हवेच्या झोताने कीस नाहीसा होत नाही, तो फक्त जागा बदलतो, आणि त्याची नवी जागा बहुधा डोळा, मोटार किंवा चकच्या मागचा निमुळता दांडा ही असते. त्या निमुळत्या बसणीत केसाएवढा कण जरी अडकला तरी चक किंचित तिरका बसतो, बिटाचे टोक डगमगते आणि भोक मापापेक्षा मोठे पडते; मग माणूस बिटाला दोष देत बसतो. बिडाची भुकटी किंवा बारीक भुसा यांतले जे कण दहा मायक्रॉनपेक्षा लहान असतात ते हवेत तासन्तास तरंगतात व श्वासावाटे खोलवर जाऊ शकतात. झोत मारून टेबल चकाचक दिसते, पण टेबलावर निवांत पडलेली धूळ आपणच उठवून छातीत घेतलेली असते.

दुसरी गोष्ट, कीस कसा निघतो हे पुष्कळ अंशी आपल्याच हातात असते. मऊ पोलादाला साध्या हायस्पीड बिटाने भोक पाडताना कापण्याचा वेग मिनिटाला सुमारे 25 मीटर धरला, तर 318 ला त्या वेगाने गुणून बिटाच्या व्यासाने भागावे: 10 मिमीच्या बिटाला मिनिटाला सुमारे 800 फेरे येतात, 6 मिमीला सुमारे 1300. गावाकडच्या बहुतेक मशिनींवर पट्टा एकदा जिथे बसला तिथेच वर्षानुवर्षे राहतो, आणि मोठे बिट गरजेपेक्षा दुप्पट वेगाने फिरते. त्याने कीस निळा पडतो, बिटाची धार जाते आणि धार गेलेले बिट कापण्याऐवजी घासू लागते. लाकडातही हेच लागू आहे. धारदार बिट लाकडाची साल काढते, बोथट बिट पीठ पाडते, आणि पिठाइतकी बारीक धूळ आवरणे सर्वांत कठीण. तेव्हा धूळ आवरण्याचा पहिला स्वस्त उपाय म्हणजे बिटाला वेळेवर धार लावणे, हे मी आग्रहाने सांगेन. धार बरोबर लागली की नाही, हे कीसच सांगतो: पोलादात बिट उतरताना दोन्ही खाचांमधून सारख्याच जाडीच्या दोन वेटोळ्या वर आल्या पाहिजेत. एकाच खाचेतून वेटोळे येत असेल आणि दुसरी रिकामी असेल, तर बिटाचा एक ओठ (कापणारी कड) दुसऱ्यापेक्षा उंच घासला गेला आहे असे समजावे.

लांब तारा निघतात त्यावर उपाय सोपा आहे. हँडल एकसारखे दाबत न राहता दर दोन-तीन मिलिमीटरनंतर क्षणभर दाब सोडावा. तार तिथेच तुटते. भोकाची खोली बिटाच्या व्यासाच्या तिपटीहून जास्त असेल तर बिट पूर्ण बाहेर काढून खाचा मोकळ्या कराव्यात, मग पुन्हा आत न्यावे, नाही तर कीस खाचेत दाटून बसतो आणि बिट भोकातच अडकून मोडते. फिरणाऱ्या तारेला हात, चिंधी किंवा हातमोजा लावू नये. फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे घालायचेच नसतात, कारण हातमोज्याचा एक धागा गुंतला तरी पंजा ओढला जातो. गळ्यातल्या दुपट्ट्याचीही तीच गोष्ट. उन्हाळ्यात डोक्याला गुंडाळलेल्या दुपट्ट्याची टोके मशीनसमोर वाकल्यावर चकपर्यंत सहज लोंबतात, म्हणून ती खोचून घ्यावीत. मशीन बंद करावे, चक पूर्ण थांबू द्यावा, मग वाकड्या टोकाच्या सळीने तार ओढून काढावी. सायकलच्या आऱ्याची अशी सळी अर्ध्या मिनिटात तयार होते.

लोखंडाच्या किसासाठी जुन्या स्पीकरचे गोल चुंबक प्लास्टिकच्या जाड पिशवीत घालून टेबलावरून फिरवावे. कीस पिशवीला बाहेरून चिकटतो; मग पिशवी तशीच उलटी करून चुंबक बाहेर काढला की सगळा कीस पिशवीत उरतो, हाताला एकही कण लागत नाही. पितळ आणि ॲल्युमिनियम मात्र चुंबकाला लागत नाहीत, आणि बहुतेक स्टेनलेस स्टीलही लागत नाही. त्यांच्यासाठी रंगाचा दोन इंची ब्रश आणि पत्र्याचे सुपडे पुरे. टेबलाखाली, खांबाला अडकेल असा पत्र्याचा उथळ ट्रे बसवला तर निम्म्याहून जास्त कीस जमिनीवर जाणारच नाही.

खांबावरचे ग्रीस पेट्रोल न वापरता थोड्या रॉकेलच्या किंवा डिझेलच्या चिंधीने पूर्ण पुसून काढावे. ग्रीस आणि बिडाची भुकटी मिळून घासणाऱ्या पेस्टसारखेच मिश्रण होते आणि ते टेबल वरखाली करणाऱ्या दंडाचे दाते खाते. पुसल्यावर तिथे ग्रीस पुन्हा न लावता मेणाचा पातळ हात फिरवावा. मेणाला धूळ कमी चिकटते. बिड आणि पितळ कोरडेच कापावे. पोलादाला मात्र पाण्यात मिसळणारे कटिंग ऑइल, वीस भाग पाण्याला एक भाग अशा बेताने, ब्रशने थेंब थेंब द्यावे, त्याने कीस जड होऊन खाली पडतो.

एक गोष्ट विचारली नाही तरी लिहितो. ट्रॅक्टरचे ब्रेक लायनर रिव्हेट मारण्यासाठी बरेच जण याच ड्रिलवर भोकून देतात. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, आणि ती धूळ छातीला कायमची इजा करते. तसे काम आल्यास ते घेऊ नये, आणि तयार भोके असलेले नवे लायनर आणायला सांगावे.

सागवान_मूल

वर्ध्याच्या गुरुजींनी लोखंडाची बाजू पूर्ण सांगितली आहे, म्हणून मी लाकडाबद्दलच लिहितो. आमच्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीचा साग आणि बिजा हेच रोजचे काम, आणि आमची वाढईंची (सुतारांची) ही तिसरी पिढी.

आधारपट्टीच्या बुडाशी भुसा साचतो, याचा उपाय पट्टीतच आहे. पट्टीच्या समोरील खालच्या कडेला, पूर्ण लांबीभर, तीन मिलिमीटर उंच आणि तितकीच खोल खाच रंध्याने काढावी. भुसा त्या खाचेत शिरतो, नग पट्टीच्या वरच्या भागाला टेकतो आणि रांग सरळ राहते. पट्टीच्या मध्यभागी, बरोबर बिटाच्या मागे, 40 मिमीचे आरपार भोक पाडून तिथेच व्हॅक्यूम क्लीनरची नळी मागून बसवली तर निघणारी साल पडण्याआधीच ओढली जाते. नळी पट्टीत बसवावी असे मी म्हणतो त्याला कारण आहे. ओढणाऱ्या नळीचा जोर तोंडाशी पुष्कळ असतो, पण तोंडाच्या व्यासाइतक्या अंतरावरच तो साधारण दहा टक्क्यांवर येतो. म्हणजे दोन इंची नळी बिटापासून दोन इंच दूर राहिली तर ओढ जवळजवळ नाहीच. लोक नळी हातभर लांब टांगून ठेवतात आणि मशीन चांगले नाही म्हणून दुकानदाराशी भांडतात. फुंकणारा झोत मात्र कितीतरी लांब टिकतो, म्हणूनच कॉम्प्रेसरचा उपद्रव खोलीभर होतो.

व्हॅक्यूमचा फिल्टर भुशाने दर अर्ध्या तासाला बसतो, यावर मध्ये एक बादली बसवण्याचा जुगाड चांगला चालतो. वीस लिटरच्या रंगाच्या जाड बादलीच्या झाकणाला दोन भोके पाडावीत. एका भोकातून मशीनकडची नळी येते आणि तिला आत कोपरा बसवून तिचे तोंड बादलीच्या भिंतीला समांतर करावे, म्हणजे हवा बादलीत गोल फिरते. दुसरी नळी झाकणाच्या मधोमध बसवून व्हॅक्यूमला जोडावी. जड साल भिंतीला लागून खाली बसते आणि फक्त बारीक धूळ पुढे जाते. बादली पातळ असू नये, कारण नळी तुंबली की आतील हवा ओढली जाऊन बादली पिचकते. झाकणाच्या कडेने दार-खिडकीची रबरी पट्टी लावली नाही तर अर्धी ओढ तिथूनच वाया जाते. मी ही बादली भरून घेताना पाहिली आहे. ती गळ्यापर्यंत भरेपर्यंत थांबू नये, पाऊण भरली की रिकामी करावी, नाहीतर फिरणारी हवा खाली बसलेला भुसा पुन्हा उचलते.

आता मुलाच्या खाजेबद्दल. सागाच्या लाकडात असलेल्या नैसर्गिक द्रव्यांनी काही जणांच्या त्वचेला पुरळ येते आणि नाक-डोळे चुरचुरतात. शिसवीचेही तसेच आहे. एकदा अंगाला ते लागू पडले की पुढे थोड्या धुळीनेही त्रास होतो, म्हणून दुर्लक्ष करू नये. काम संपल्यावर लगेच हात-मनगटे साबणाने धुवावीत, पूर्ण बाह्यांचा पण मनगटाशी घट्ट बसणारा सदरा घालावा, आणि पुरळ वाढले तर त्वचेच्या डॉक्टरांना सागाचे नाव आठवणीने सांगावे. तपकिरी शिंक ही हसण्यावारी नेण्याची बाब नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 साली लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात घातले, आणि तो कर्करोग मुख्यतः नाक व त्याभोवतालच्या पोकळ्यांचा असतो. यात घाबरवण्याचा हेतू नाही. ड्रिलची साल जाड असते आणि घासपट्टीच्या मशीनची धूळ तिच्यापेक्षा कितीतरी घातक. पण दोन्ही कामे एकाच बंद शेडमध्ये चालत असतील तर मुलाच्या तोंडावर कापडी दुपट्टा पुरणार नाही. आयएस 9473 हा भारतीय मानक क्रमांक छापलेला एफएफपी2 मास्क घ्यावा, आणि नाकाजवळची पट्टी दाबून बसवावी. आमच्या मूल गावी मे महिन्यात तो तोंडावर ठेवणे जिवावर येते, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून घासण्याचे काम सकाळी आठच्या आत उरकणे आणि दुपारी फक्त जोडणी करणे, असा क्रम आम्ही लावला आहे.

काळे ठिपके हे पॉलिशचे काम नव्हे, ते लोखंडाचे आहे. लाकडातील तुरट द्रव्य आणि लोखंडाचा कण यांचा ओलाव्यात संयोग झाला की काळा डाग पडतो. सागात ते होतेच, आणि बाभूळ हे तर कातडी कमावायचे झाड, त्यात ते फार लवकर होते. लोखंडाचे काम झालेल्या टेबलावर सरळ दाराची पट्टी ठेवली की बारीक कीस लाकडाच्या रेषांत रुततो आणि रात्रीच्या दमट हवेत डाग उमटतो. पडलेला डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या कोमट, पातळ द्रावणाने बहुधा निघतो. ते विषारी असल्याने हातमोजे घालावेत, जेवणाच्या भांड्यात कालवू नये आणि डाग गेल्यावर लाकूड स्वच्छ पाण्याने दोनदा पुसून घ्यावे. डाग काढत बसण्यापेक्षा दोन तक्ते वेगळे ठेवणे चांगले: टेबलावर बोल्टने बसणारा एक प्लायचा तक्ता लाकडासाठी आणि दुसरा पत्रा लावलेला लोखंडासाठी. काम बदलले की तक्ता बदलायचा. त्याने टेबलही वाचते, आणि खालून भोक फुटताना लाकडाची कड उडत नाही.

दारव्हा_अवजारे

दोघांचे मनःपूर्वक आभार. दोन तक्त्यांची युक्ती लगेच करण्यासारखी आहे. आणखी तीन शंका आहेत. शेडमध्ये उन्हाळ्यात कूलर लावल्याशिवाय दुपारी उभे राहता येत नाही, पण त्याचा झोत सगळा भुसा उडवतो. तो कुठे ठेवावा? व्हॅक्यूम आणि ड्रिल एकाच बोर्डवर चालवले तर चालेल का? आणि मशीन अलीकडे कधीकधी नुसते गुणगुणते, पट्टा हाताने फिरवला की सुरू होते. याचा धुळीशी काही संबंध आहे का?

वाइंडिंग_अकोट

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती सर्वांत तातडीची आहे. संबंध नक्की आहे. अशा सिंगल फेज मोटारीत सुरू होताना लागणारे वेगळे वेटोळे असते आणि मोटार वेगात आली की ते तोडण्यासाठी आत मागच्या बाजूला वजनाने उघडणारा स्विच असतो. मोटारीला जाळी असेल तर तिचा पंखा बाहेरची हवा आत ओढतो आणि तिच्यासोबत भुसा थेट त्या स्विचच्या टोकांमध्ये जाऊन बसतो. टोके जुळली नाहीत की सुरुवातीचे वेटोळे जोडलेच जात नाही, मोटार गुणगुणते आणि हाताने फिरवली तर चालू होते. कपॅसिटर कमजोर झाला तरी हेच लक्षण दिसते, म्हणून दोन्ही तपासावे लागतील. हाताने फिरवून काम भागवू नये. गुणगुणताना मोटार नेहमीपेक्षा कितीतरी पट करंट ओढते आणि काही मिनिटांत वाइंडिंग जळते. शिवाय चालू मशीनच्या पट्ट्याला हात लावणे म्हणजे बोट गमावण्याची तयारी. प्लग काढावा, कपॅसिटरमध्ये साठलेली वीज दोन्ही टोकांना रोधक (रेझिस्टर) लावून मोकळी करून घ्यावी किंवा हे काम वायरमनकडे द्यावे, मागचे झाकण उघडून स्विच मऊ ब्रशने स्वच्छ करावा आणि टोके काळी असतील तर बारीक पॉलिश पेपरने हलकी घासावीत. धूळ येऊ नये म्हणून मोटारीवर पोते किंवा कापड गुंडाळण्याची पद्धत आमच्याकडे सर्रास आहे. ती मोटारीला मारणारी आहे, कारण आपल्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात तिला जी थोडीफार हवा मिळते तीही बंद होते. पुढे कधी मोटार बदलायची वेळ आली तर पूर्ण बंद, बाहेरून पंखा असलेली घ्यावी.

एकाच बोर्डवर दोन्ही चालवण्याचे गणित असे आहे. 1400 वॉटचा व्हॅक्यूम सुमारे 6 अँपिअर घेतो आणि अर्ध्या अश्वशक्तीची ड्रिल मोटार पूर्ण भारावर आणखी 3 ते 4. घरगुती 6 अँपिअरच्या सॉकेटवर ही जोडी चालवू नये. 16 अँपिअरचे सॉकेट, 2.5 चौरस मिमीची तांब्याची वायर आणि आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवावा. ड्रिल आधी सुरू करून मग व्हॅक्यूम लावावा. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडते तेव्हा उलट क्रमाने लावल्यास ड्रिल उचलत नाही, आणि ती गुणगुण पुन्हा ऐकू येते.

एप्रिल-मे महिन्यांत हवा इतकी कोरडी असते की प्लास्टिकच्या नळीतून भुसा गेल्यावर नळीला हात लावताच झटका बसतो. त्याने जीव जात नाही, पण बिट फिरत असताना दचकणे धोक्याचे. नळीभोवती उघडी तांब्याची तार गुंडाळून मशीनच्या अर्थिंगला जोडावी. अर्थिंग खरोखर जिवंत आहे ना, हेही या निमित्ताने पाहून घ्यावे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की खड्ड्यातली अर्थिंग निकामी होते, म्हणून आठवड्याला तिला पाणी घालावे.

कूलर दाराबाहेर किंवा खिडकीत असा ठेवावा की झोत आपल्या पाठीवरून येऊन समोरच्या भिंतीच्या झरोक्यातून बाहेर जाईल. आपण झोत आणि मशीन यांच्या मध्ये. झरोका नसेल तर तो पाडावाच लागेल, कारण बाहेर जायची वाट नसलेला कूलर शेड दमट करतो, आणि काळे डाग व गंज या दोन्हींना दमटपणाच हवा असतो. समोरच्या भिंतीला गोठा असेल तर झरोका बाजूच्या भिंतीत पाडावा.

व्हॅक्यूममध्ये लोखंडाचा कीस ओढू नये. लांब तार नळीच्या वळणात अडकते, आणि निळा पडलेला गरम तुकडा भुशाने भरलेल्या पिशवीत गेला तर तो आत धुमसतो. आगीवरून आणखी एक सांगायचे राहते. आपल्या भागात लाकडाला जवसाचे तेल लावतात. त्या तेलाच्या चिंध्या भुशाच्या ढिगावर गोळा करून टाकल्या तर त्या आपोआप तापून पेटू शकतात. त्यासाठी ठिणगीचीही गरज नसते. चिंध्या एकेक पसरून बाहेर वाळवाव्यात किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवाव्यात.

गोपालक_मंगरूळपीर

मी वर्कशॉप चालवीत नाही, गायी पाळते. पण मागची भिंत गोठ्याला लागून आहे हे वाचून लिहिल्याशिवाय राहवले नाही. गुरे वैरण चावून न बघता गिळतात. कुटारात पडलेला लोखंडाचा तुकडा जाळीदार पोटात जाऊन बसतो, आणि ते पोट हृदयाला इतके जवळ असते की अणकुचीदार तार आतील पडदे भेदून हृदयाच्या आवरणापर्यंत पोहोचते. जनावर खाणे सोडते, पुढचे कोपर बाहेर काढून उभे राहते, उतारावरून खाली जायला कुरकुरते, आणि लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. पशुवैद्य काही वेळा पोटात चुंबक सोडून तार एके जागी धरून ठेवतात, पण तो उपचार प्रत्येक वेळी यशस्वी होईलच असे नाही.

तेव्हा लोखंडाचा कीस झाडून उकिरड्यावर टाकू नये, कारण उकिरड्यावर मोकळी गुरे येतात आणि तेच खत शेतात जाते. झाकणाच्या डब्यात साठवून भंगारवाल्याला द्यावा. भिंतीत फट असेल तर ती सिमेंटने लिंपून घ्यावी. वैरण आणणारी बैलगाडी वर्कशॉपसमोर उभी राहत असेल तर दाराबाहेरच्या जमिनीवर आठवड्यातून एकदा चुंबक ओढून पहावे. जे निघेल ते पाहून आपण गाडी दुसरीकडे उभी करायला लागाल.

दारव्हा_अवजारे

ताई, हे कोणी सांगितले नसते. डब्याची व्यवस्था आजच केली. मोटारीचे झाकण वायरमनने उघडले, आत स्विचवर भुशाचा थर होता. कपॅसिटर ठीक निघाला. शेवटचे एकच विचारतो: सागाचा भुसा गोठ्यात अंथरायला किंवा शेणखतात टाकायला चालेल का? पोतीच्या पोती निघतात.

सागवान_मूल

अंथरायला सागाचा बारीक भुसा नको, त्याने गुरांनाही नाका-डोळ्यांचा त्रास होऊ शकतो. रंध्याची जाड साल चालेल, पण ती लोखंडाच्या तक्त्यावरची नसावी, आणि अंथरण्याआधी चुंबक फिरवावा. खतात टाकायचा तर शेणात थोडा थोडा मिसळून वर्षभर कुजू द्यावा. कच्चा भुसा सरळ शेतात पसरला तर तो कुजताना जमिनीतले नत्र ओढून घेतो आणि कपाशी पिवळी पडते. प्लाय आणि एमडीएफचा भुसा यांपैकी कशातही घेऊ नये, त्यात डिंकाची रसायने असतात. त्याचे पोते वेगळे बांधून ठेवावे, आणि त्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहावे, म्हणजे पाऊस लागला की घाईत कोणी ते गोठ्यात नेणार नाही.